कंठातले भांडवल

महावीर जन्मकल्याणकाचा कार्यक्रम असो, पर्युषणातील भक्तिसंध्या असो किंवा शाळेचे स्नेहसंमेलन असो. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर वा मानोरा यांपैकी कोणत्याही गावी एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी अशी निघतेच, की तिने पहिला स्वर लावताच मंडपातील कुजबुज आपोआप थांबते. स्तवन संपल्यावर वडीलधारी मंडळी पाठीवरून हात फिरवितात, कोणी बक्षिसाचे पाकीट हातावर ठेवतो, "गळ्याला देणगी आहे हो," असे चार तोंडांनी म्हटले जाते आणि विषय तेथेच संपतो. पुढे नववी-दहावी येते, शिकवणीचे वर्ग सुरू होतात, दुकानाचे हंगाम येतात नि जातात. आणि तो आवाज चार-पाच वर्षांत घरातल्या घरात मावळून जातो. त्याला कोणी मुद्दाम दडपलेले नसते. त्याची नोंद मात्र कोणीच ठेवलेली नसते.

व्यापारी घराण्यात कोणतीही मोलाची वस्तू नोंदीवाचून राहत नाही. सोने तोळ्यांत, कापूस क्विंटलांत आणि उधारी खतावणीत लिहिलेली असते. कंठ हेही भांडवलच आहे. त्याची वाढ होते, घसारा होतो, आणि अवेळी उचल केली तर मुद्दलही जाते. या भांडवलाचा सर्वांत नाजूक काळ म्हणजे वयाची तेरा ते अठरा ही वर्षे, म्हणजेच माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेची वर्षे. युरोप-अमेरिकेत नेमक्या याच वयाच्या गुणी मुलांसाठी ऑपेराच्या गायनाचे स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. महाराष्ट्रातही संगीत रंगभूमीच्या निमित्ताने या वयाच्या आवाजांचा मोठा अनुभव जमा झालेला आहे. हे दोन्ही अनुभव शेजारी ठेवून पाहिले, तर वाशीमसारख्या जिल्ह्यातील पालकालाही निर्णयास उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

नाटक मंडळीतील तालीम

ऑपेरा म्हणजे गाण्यातून सांगितलेले नाटक. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. पारशी मंडळीचा 'इंद्रसभा'चा प्रयोग पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीत संगीत नाटक करण्याची प्रेरणा झाली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द आणि स्वर दोन्ही पोचले पाहिजेत, हीच नटाची पहिली कसोटी होती. युरोपातील ऑपेराच्या गायकापुढेही नेमकी हीच कसोटी असते.

स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत असल्यामुळे मंडळ्यांना गोड गळ्याच्या मुलांची गरज सतत भासे. अशी मुले गावोगावहून निवडून आणली जात. मंडळीतच त्यांचे जेवणखाण होई, मंडळीतच तालीम होई. आजच्या भाषेत बोलायचे तर ती निवासी प्रशिक्षण केंद्रेच होती. परंतु त्यांत एक कठोर व्यवहार होता. मुलाचा गळा चालला तोवर त्याला मान, आणि आवाज फुटला की त्याची जागा गेली.

या व्यवहाराचा अनुभव घेतलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे भास्करबुवा बखले. १८६९ साली जन्मलेले भास्करबुवा लहानपणीच किर्लोस्कर मंडळीत आले. 'रामराज्यवियोग' नाटकातील त्यांची कैकेयी गाजली. त्यांचे गाणे ऐकून प्रख्यात बीनकार बंदे अली खाँ यांनी त्यांना गंडा बांधला, असे सांगतात. पुढे वय वाढले, आवाज फुटला आणि रंगभूमीवरील त्यांचे स्थान संपले. एखादा मुलगा तेथेच खचला असता. भास्करबुवांनी मात्र मंडळी सोडून गाण्याच्या मुळाशी जाण्याचा मार्ग धरला. बडोद्यात फैज महंमद खाँ, त्यानंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि पुढे अल्लादिया खाँ अशा तीन थोर गुरूंकडे त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली. फुटलेला तो आवाज त्यांनी पुन्हा घडविला. १९११ साली पुण्यात त्यांनी संगीतशिक्षणाची संस्था काढली. तीच आजची भारत गायन समाज. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि 'स्वयंवर' नाटकाच्या चाली देऊन त्यांनी त्याच रंगभूमीला नवे वैभव दिले.

या चरित्रातून पालकांनी घेण्यासारखी गोष्ट स्पष्ट आहे. आवाज फुटणे म्हणजे गाणे संपणे नव्हे. पण त्या वेळी मुलाच्या पाठीशी शिक्षण नसेल, केवळ टाळ्या असतील, तर गाणे खरोखरच संपते. भास्करबुवा स्वतःच्या जिद्दीने तरले. त्यांच्याबरोबरची किती मुले तरली नसतील, त्यांची नावे इतिहासात नाहीत.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा बालक अगदी लहान वयात मैफली गाजवू लागला होता. गावोगाव त्याचे कार्यक्रम होत होते आणि प्रसिद्धीही मिळत होती. तरीही अकरा-बारा वर्षांच्या वयात त्याला मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात शिकण्यासाठी ठेवण्यात आले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि आवाज कसा घडतो, कसा बिघडतो, या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणाऱ्या पहिल्या काही मराठी संगीतज्ञांपैकी ते एक होते. पुढे डॉ. अशोक दा. रानडे यांनी त्यांच्याकडून हा वारसा घेऊन आवाजसाधनेचा विचार गायक, नट आणि वक्ते यांच्यासाठी अधिक पद्धतशीरपणे मांडला. चालू असलेली कमाई बाजूला ठेवून मुलाला शिक्षणास बसविणे हा कुमारांच्या बाबतीतला निर्णय व्यापाऱ्याला सहज समजावा असा आहे. आजचा नफा न उचलता तो मुद्दलात घालण्याचाच तो प्रकार होता.

कंठात नेमके काय घडते

आवाज निर्माण होतो तो स्वरयंत्रातील दोन स्वरपट्ट्यांच्या कंपनातून. या पट्ट्यांची लांबी प्रौढ स्त्रीमध्ये साधारण १० ते १५ मिलिमीटर आणि प्रौढ पुरुषामध्ये १५ ते २० मिलिमीटर किंवा थोडी अधिक असते. लहानपणी मुलामुलींच्या पट्ट्यांत फारसा फरक नसतो. बारा ते पंधरा या वयात मुलाचे स्वरयंत्र वेगाने वाढते, पट्ट्या लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. सारंगीची तार बदलली की वादकाला हात नव्याने बसवावा लागतो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की येथे तार रोज थोडी थोडी बदलत असते. म्हणून स्वर चिरकतो, मध्येच निसटतो, काल लागलेला षड्ज आज सापडत नाही.

मुलींच्या आवाजातही बदल होतो, मात्र तो दोन-तीन स्वरांपुरता असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. काही काळ त्यांच्या आवाजात श्वासाचा अंश वाढतो, स्वर पोकळ वाटतो आणि उंच स्वरांना ताण पडतो. हे बदल ओळखले न गेल्यामुळे मुलींवर उलट अधिक जोर लावला जातो आणि नुकसान मुकाट्याने होते.

स्वरपट्ट्या डोळ्यांनी पाहण्याचा मार्ग सापडला तोही एका गायनशिक्षकाला, ही गोष्ट मोठी सूचक आहे. मॅन्युएल गार्सिया हे ऑपेराचे नामवंत शिक्षक होते. १८५४ साली दंतवैद्याचा लहान आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्याच घशातील पट्ट्यांची हालचाल पाहिली आणि पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणे मांडली. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ जी तपासणी काही मिनिटांत करतात, तिचे मूळ गायनाच्या वर्गात आहे.

बदलाच्या या काळात काय करावे, याविषयी पूर्वी दोन मते होती. काही गुरू गाणे पूर्ण बंद ठेवीत, तर काही खर्जाची हलकी साधना चालू ठेवीत. आजचे जाणकार बहुधा मधला मार्ग सांगतात. गाणे थांबवू नये. पण जेवढे स्वर सहज लागतात तेवढ्यातच, हलक्या आवाजात आणि थोडा वेळ गावे. दर काही महिन्यांनी पट्टी नव्याने तपासावी. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलाने त्याच पट्टीचा हट्ट धरू नये. स्पर्धेसाठी वरची पट्टी ताणणे हा या वयातील सर्वांत महाग सौदा होय.

बदललेला आवाज हा गेलेला आवाज नसतो, याचे उदाहरण म्हणून गंगूबाई हनगल यांचे नाव घेता येईल. तरुणपणी घशावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्याच आवाजाने त्यांनी किराणा घराण्यात स्वतःचे अढळ स्थान मिळविले. हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जाऊन त्यांनी सवाई गंधर्वांकडे तालीम घेतली होती, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गुरू आपल्या गावी नाही, ही अडचण नवी नाही.

ऑपेराच्या शाळेत काय शिकवितात

ऑपेराचा गायक ऐंशी-शंभर वाद्यांच्या वृंदावर मात करून ध्वनिक्षेपकाविना ऐकू येतो, ते केवळ मोठ्याने ओरडून नव्हे. वाद्यवृंदाचा जोर साधारणतः ५०० हर्ट्झच्या आसपास अधिक असतो. शिकलेला गायक आपल्या कंठाची व मुखाची पोकळी अशी घडवितो, की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास विशेष तेज येते. वाद्यवृंद तेथे दुबळा असतो आणि मानवी कान तेथेच तीक्ष्ण असतो. थोडक्यात, बाजारात जेथे गर्दी नाही तेथे दुकान थाटण्याचे हे तंत्र आहे. परंतु ते अंगी बाणायला दहा-बारा वर्षे लागतात. जड आवाज तर तिशीच्या आसपास पक्व होतात.

म्हणूनच शालेय वयातील मुलांसाठी असलेल्या चांगल्या अभ्यासक्रमांत मोठी ऑपेरा-गीते गाऊन घेतली जात नाहीत, हे पाहून नवख्या माणसास आश्चर्य वाटते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९२८ साली सुरू झालेले इंटरलॉकन येथील कलाशिबिर, किंवा बोस्टन विद्यापीठाने १९६६ पासून चालविलेली टँगलवुड संस्था, यांसारख्या ठिकाणी उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी गायकांसाठी खास वर्ग असतात. तेथे प्रवेश ध्वनिमुद्रण ऐकून दिला जातो. दिवसाची आखणी पाहिली तर आवाजाची वैयक्तिक शिकवणी थोडी आणि इतर गोष्टी अधिक असतात. श्वासाचा अभ्यास, समूहगान, स्वरलेखन वाचणे, इटालियन व जर्मन शब्दांचे शुद्ध उच्चार, अभिनय, देहाची ढब, आणि दुसऱ्याचे गाणे ऐकून त्यावर बोलणे. गायला देतात ती साधी, छोटी, जुनी इटालियन गीते. संगीत वाचता येणारा, चार आवाजांत आपला आवाज मिसळता येणारा आणि विश्रांतीचे मोल जाणणारा विद्यार्थी तयार व्हावा, एवढाच तेथील हेतू.

यातील बहुतेक गोष्टींना आपल्याकडेही प्रतिशब्द आहेत. खर्जसाधना, अलंकार-पलटे, आकार, शब्दोच्चार, गुरूच्या मागे बसून ऐकणे हे सर्व तेच आहे. आपल्याकडे उणीव आहे ती दोन गोष्टींची. एक म्हणजे समूहगानाची शिस्त; दुसरी, आवाजाच्या आरोग्याची नियमित तपासणी.

मुंबई, गोवा आणि आपले शेजार

पाश्चात्त्य पद्धतीचे गाणे शिकण्यासाठी आता परदेशीच जावे लागते असे नाही. गोव्यात चर्चशी जोडलेल्या गावशाळांतून स्वरलेखन व समूहगान शिकविण्याची परंपरा काही शतकांची आहे. १९५२ साली पणजीत अँतोनियो द फिगरेदो यांनी संगीत अकादमी सुरू केली. पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाने ते काम चालविले. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ साली काढलेल्या के. एम. संगीत महाविद्यालयात हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य असे दोन्ही गायन शिकता येते. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये कीर्ती मिळविलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांनी आपले पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह २००९ पासून भारतातील तरुण आवाजांना शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस या दोन परंपरांचा दुवा म्हणून पाहता येते. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. नाव ऑपेराचे असले तरी त्या रंगमंचावर बालगंधर्वांचेही प्रयोग झाले. १९९३ साली ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले, तेव्हा रोझारिओ यांचेच गायन तेथे झाले. पुढील वर्षी तेथे चिमारोसा या इटालियन संगीतकाराचे 'इल मात्रिमोनियो सेग्रेतो', म्हणजे 'गुप्त विवाह', हे ऑपेरा-नाट्य सादर झाले. त्याचे कथानक व्यापारी वाचकांस गंमतीचे वाटेल. बोलोन्या शहरातील श्रीमंत व्यापारी जेरोनिमो थोरल्या मुलीसाठी सरदार जावई शोधत असतो आणि धाकटीने घरच्याच कारकुनाशी गुपचूप लग्न केलेले असते. १७९२ साली व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला, तेव्हा सम्राटाने सर्वांना जेवू घालून त्याच रात्री संपूर्ण प्रयोग पुन्हा करविला, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. पेढीवरचा हिशेब आणि घरातील मुलींचे मन यांच्यातील अंतर हा विषय सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या इटलीतही नवा नव्हता.

वाशीममध्ये राहून काय करता येईल

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. कापूस, सोयाबीन आणि तुरीची बाजारपेठ हीच त्याची ओळख. येथे ऑपेराचा शिक्षक मिळणार नाही. पण पाया घालण्यासाठी त्याची गरजही नाही.

पहिली पायरी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला जे विद्यालय काढले, त्याच परंपरेतून १९३१ साली हे मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि विशारद अशा क्रमाने पाचवी-सहावीपासून सुरुवात केली, तर दहावीपर्यंत मध्यमेचा टप्पा गाठता येतो. शास्त्रीय कलांच्या अशा परीक्षांसाठी राज्याच्या दहावीच्या परीक्षेत वाढीव गुणांची तरतूदही आहे. तथापि गुणांसाठी गाणे हा उद्देश ठेवला, तर दहावीच्या निकालाबरोबर गाणेही संपते, हे अनेक घरांत पाहावयास मिळते.

दुसरी पायरी शिष्यवृत्तीची. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती १० ते १४ या वयोगटासाठी असते आणि प्रगती समाधानकारक असल्यास ती पुढे चालू राहते. वयाची ही मर्यादा पालकांच्या लक्षात येते, तेव्हा मूल बहुधा पंधरा वर्षांचे झालेले असते. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून 'कला उत्सव' ही राष्ट्रीय स्पर्धा होते. अठरा वर्षांनंतर तरुण कलाकारांसाठी संस्कृती मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे.

तिसरी पायरी, ज्यांना पाश्चात्त्य गायनाची ओढ आहे त्यांच्यासाठी. लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या आणि असोसिएटेड बोर्डाच्या गायनाच्या पहिली ते आठवी अशा श्रेणींच्या परीक्षा भारतात देता येतात. शिक्षण मुख्यतः ऑनलाइन घ्यावे लागेल. त्यात एक उणीव आहे. आवाज पोचण्यास लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे शिक्षक साथीला पियानो वाजवू शकत नाही आणि विद्यार्थ्याची बसण्याची ढब, मानेचा ताण त्याला नीट दिसत नाही. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा प्रत्यक्ष भेट हवीच. अकोला-पूर्णा लोहमार्ग गावाजवळून जातो. त्याचा उपयोग केवळ मालाच्या वाहतुकीसाठी करावा असे कोठे लिहिलेले नाही.

आणि चौथी गोष्ट, जिला पैसा लागत नाही. जिनिंगच्या हंगामात हवेतील कापसाचा तंतू, मिरवणुकीतील कर्णकर्कश गोंगाटावर आवाज चढवून बोलणे, मैदानावरील आरडाओरड, या तिन्ही गोष्टी कोवळ्या स्वरपट्ट्यांच्या वैरी आहेत. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर काढे आणि खडीसाखर यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आहाराच्या बाबतीत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपल्या घरांतील रीत आवाजाला हितकारकच आहे. उशिरा जेवून लगेच आडवे झाल्याने पोटातील आम्ल घशापर्यंत येते आणि स्वरपट्ट्यांना सूज येते. म्हणून जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवण्यास डॉक्टर सांगतात. मात्र पाण्याचा विचार करावा लागतो. स्वरपट्ट्यांना ओलावा हवा असतो. म्हणून निर्जळ उपवासाच्या दिवशी रियाज व कार्यक्रम ठेवू नये आणि चौविहार पाळणाऱ्या मुलाने गाण्याचा मुख्य सराव सकाळी करावा. त्यात व्रतही राखले जाते आणि गळाही.

हिशेबाची बाजू

आता खर्चाकडे वळू. परदेशातील एका उन्हाळी शिबिराचा खर्च शुल्क, प्रवास आणि निवास मिळून कित्येक लाखांत जातो. बँकांची शैक्षणिक कर्ज योजना सामान्यतः मान्यताप्राप्त पदवी-पदविकांसाठी असते. सुटीतील शिबिरे आणि खासगी शिकवणी तीत बसत नाहीत. म्हणजे ही रक्कम घरच्या शिलकीतूनच यावयाची. अशा स्थितीत पंधराव्या वर्षी एकदम मोठा खर्च करण्यापेक्षा दहाव्या वर्षापासून मुलाच्या नावे आवर्ती ठेव चालू करावी. पहिली पाच वर्षे गावातील शिक्षक, एक तंबोरा किंवा त्याचे विद्युत यंत्र आणि वर्षातून एखादी प्रत्यक्ष चांगली मैफल एवढ्यावर भागते. सोळाव्या वर्षी आवाज स्थिरावल्यावर एखाद्या अनुभवी, हितसंबंध नसलेल्या गुरूचे स्पष्ट मत घ्यावे आणि मगच पुढील गुंतवणुकीचा निर्णय करावा. ठेव तोवर वाढलेली असते. मत प्रतिकूल आले तर ती मुलाच्या इतर शिक्षणास कामी येते. व्यवहाराच्या दृष्टीने यात बुडीत खाते होण्याचा संभव फारच थोडा.

परतावा किती, असा प्रश्न दुकानात सहजच येईल. व्यावसायिक गायक म्हणून चरितार्थ चालविणारे थोडेच निघतात. ऑपेरात तर त्याहूनही थोडे. हे सत्य मुलापासून लपवू नये. गाण्याबरोबर वाणिज्य शाखेचे शिक्षण चालू ठेवणे सहज शक्य असते, आणि आवाज उशिरा पक्व होत असल्यामुळे विशीपर्यंत दोन्ही दारे उघडी राहू शकतात. मुलाने दुकान सांभाळायचे की गाणे, असा वाद बाराव्या-तेराव्या वर्षी उभा करण्याचे कारणच नाही. त्या वयात प्रश्न एवढाच असतो, की आवाज जपला जातो आहे की खर्च होतो आहे.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब अधिक प्रामाणिकपणे मांडावा लागेल. मुलगी गाते याचे कौतुक लग्न ठरेपर्यंत असते. त्यानंतर तिची पेटी माळ्यावर जाते. आठ-दहा वर्षे शिक्षणावर केलेला खर्च एका दिवशी निर्लेखित करणारा दुसरा कोणता व्यापार आपण चालू ठेवला असता? सोयरिकीच्या बोलणीत शिक्षण, वय आणि पत्रिका यांची चौकशी होते, तशीच "मुलगी गाते, तिचा रियाज पुढेही चालेल," ही गोष्ट मुलीच्या वडिलांनी स्वतः होऊन, पहिल्याच बैठकीत, ठामपणे सांगितली पाहिजे. ती मान्य करणारे घर मिळणे हे संगीताच्या कोणत्याही शिष्यवृत्तीहून मोठे आहे.

समाज म्हणूनही काही करता येण्यासारखे आहे. कारंज्यात शतकापूर्वी, १९१८ साली, समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने गुरुकुल उभे राहिले. तेथील भांडारांत जपलेल्या हस्तलिखितांतून डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी अपभ्रंश काव्ये प्रकाशात आणली. ज्या गावाने शब्द जपले, त्याच्या जिल्ह्याला स्वर जपणे अवघड नाही. प्रत्येक तालुक्याच्या मंडळाने वर्षातून एक दिवस दहा ते सोळा वयाच्या मुलामुलींचे गाणे एखाद्या जाणकार शिक्षकाकडून ऐकवून घ्यावे, सोबत घशाच्या डॉक्टरांची तपासणी ठेवावी आणि निवडक दोघा-तिघांच्या पाच वर्षांच्या शिकवणीची हमी घ्यावी. बक्षिसाच्या चषकांवर होणारा खर्च तेवढ्यास पुरेल.

भास्करबुवांचा आवाज फुटला, तेव्हा मंडळीच्या हिशेबी त्यांची किंमत शून्य झाली होती. त्या शून्याच्या पुढे जे लिहिले गेले, ते गुरूंनी, कष्टांनी आणि काळाने लिहिले. आपल्या घरातील चौदा वर्षांच्या मुलाचा स्वर आज चिरकत असेल, मुलीचा स्वर पोकळ वाटत असेल, तर वही मिटण्याची ती वेळ नव्हे. त्या पानावर तारीख घालावी, पट्टी लिहून ठेवावी आणि खाते चालू ठेवावे.